रोज उरणारा भात आणि रोज जड होणारी बादली: मेस, खानावळ व कॅन्टीनमधील अन्ननासाडीचे समस्या निवारण

लक्षणे

दुपारचे शेवटचे ताट उठल्यानंतर भाताच्या टोपात तळाशी चार बोटे भात उरलेला असतो, आणि कालही तेवढाच उरला होता म्हणून आज त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पोळ्या मात्र त्याच दिवशी शेवटच्या अर्ध्या तासात कमी पडतात. शुक्रवारी रात्री भाजी निम्मी उरते आणि सोमवारी दुपारी रश्शात पाणी घालून वेळ मारून न्यावी लागते. महिनाअखेरीस किराणा आणि भाजीचे बिल वाढलेले दिसते, जेवणाऱ्यांची संख्या मात्र गेल्या महिन्याइतकीच असते. फ्रीजच्या मागच्या बाजूला तारीख न लिहिलेले डबे सापडतात, कोथिंबिरीच्या जुड्या आतून काळ्या निघतात आणि ओला कचरा उचलणाऱ्याला बादली एकट्याने उचलवत नाही.

यांपैकी तीन-चार लक्षणे एकत्र दिसत असतील तर पुढील तपासण्या आपल्या स्वयंपाकघरासाठी आहेत. पुण्यातील विद्यार्थ्यांच्या मेस, वसतिगृहांची भोजनगृहे आणि कारखान्यांची कॅन्टीन यांमध्ये हाच बिघाड मी अनेकदा दुरुस्त केला आहे. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी मालक आचाऱ्याकडे बोट दाखवतो, आचारी वाढप्याकडे आणि वाढपी जेवणाऱ्यांकडे. माझा अनुभव वेगळे सांगतो. अन्न वाया गेलेले दिसते ते बादलीत, पण ते वाया जाणार हे बहुतेक वेळा आदल्या रात्रीच ठरलेले असते, जेव्हा "उद्या किती ताटं धरायची?" या प्रश्नाला कोणीतरी अंदाजाने उत्तर देतो.

लक्षणावरून कारणाचा पहिला अंदाज बांधता येतो. अन्न टोपात उरत असेल तर चूक ताटांच्या आकड्यात किंवा शिजवण्याच्या मापात असते. ताटात उरत असेल तर वाढण्यात किंवा चवीत असते. क्रेटमध्ये आणि गोणीत सडत असेल तर खरेदीत आणि साठवणीत, आणि फ्रीजमध्ये आंबत असेल तर थंड करण्याच्या पद्धतीत किंवा प्रत्यक्ष यंत्रात असते. तपासण्यांचा क्रम बिनखर्चाच्या कामापासून खर्चिक कामाकडे जातो आणि तो मोडू नये अशी विनंती आहे. पहिल्या तीन तपासण्या न करता थेट नवा फ्रीज घेतलेली दोन स्वयंपाकघरे मला ठाऊक आहेत. दोन्ही ठिकाणी नासाडी होती तेवढीच राहिली आणि डोक्यावर हप्ते आले.

पहिली तपासणी: चार बादल्या, एक काटा, सात दिवस

यासाठी चार बादल्या आणि भाजीच्या दुकानात असतो तसा साधा वजनकाटा पुरतो. पहिल्या बादलीत न शिजवताच खराब झालेला माल टाकावा, दुसरीत निवडणीतील साली, देठ आणि पाला, तिसरीत टोपात व काउंटरवर उरलेले शिजवलेले अन्न, आणि चौथीत ताटातील खरकटे. प्रत्येक बादलीचे रिकामे वजन तिच्यावर रंगाने लिहून ठेवावे, म्हणजे वजाबाकी करताना घोटाळा होत नाही. ताटे विसळलेले पाणी, कागदी रुमाल आणि पिळलेली लिंबे यांना खरकट्याच्या बादलीत जाऊ देऊ नये, कारण पाण्याच्या वजनाने सगळा आकडा फसवा होतो.

एका दिवसाचे वजन उपयोगाचे नाही. मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री सुट्टी, कोणाचा गुरुवारी उपवास असतो, कोणी शनिवारी सकाळीच गावी गेलेला असतो. म्हणून पूर्ण आठवडा वजन करावे आणि वहीत वजनाशेजारी त्या दिवसाचे पदार्थ आणि प्रत्यक्ष उठलेली ताटे लिहावीत. सात दिवसांनंतर किलोची बेरीज करण्यापेक्षा दर ताटामागे किती ग्रॅम हा हिशेब करावा. समजा, ३०० ताटे उठली आणि चौथ्या बादलीत १८ किलो खरकटे निघाले, तर ताटामागे ६० ग्रॅम झाले. हा आकडा ताटांची संख्या बदलली तरी एका दिवसाची दुसऱ्या दिवसाशी तुलना करू देतो. किलोचा आकडा ते करू देत नाही.

बादल्या वेगळ्या ठेवण्याचे कारण असे की चारही प्रकारांचे उपाय एकमेकांपासून अगदी भिन्न आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील २८ टक्के खानावळी, हॉटेले, कॅन्टीन अशा अन्नसेवेच्या ठिकाणी गेले, पण त्या मोजणीत साली आणि हाडांसारखे न खाण्याजोगे भागही धरलेले आहेत. आपल्या स्वयंपाकघरातही केळफुलाची जाड पाने आणि तयार वरण एकाच बादलीत पडले, तर आकडा मोठा दिसतो आणि त्यावरून करायचे काय ते मात्र कळत नाही.

या आठवड्यात भांडी घासणाऱ्या मावशींशी एकदा निवांत बोलावे. कोणत्या वारी कोणता टोप जड येतो आणि कोणती भाजी ताटात तशीच परत येते, हे त्यांना मालकाच्या आधी माहीत असते. त्यांना हे विचारणारे कोणी नसते, एवढाच प्रश्न असतो.

दुसरी तपासणी: ताटांचा आकडा कोण सांगतो आणि त्यात कोण कोण भर घालतो

माझ्या पाहण्यातील सर्वांत मोठी नासाडी येथे होती आणि ती थांबवायला एक रुपयाही लागला नाही. कर्वेनगर भागातील एका मेसमध्ये मालक रोज रात्री २०० ताटे होतील असे गृहीत धरून, कमी पडू नये म्हणून दहा टक्के वाढवून २२० हा आकडा सांगत असे. आचारी तो आकडा नेमका समजून, पुन्हा कमी पडू नये म्हणून, २४२ ताटांचा शिधा काढत असे. काउंटरवरील माणूस टोप भरताना आणखी दहा टक्के मागून घेत असे आणि आकडा २६६ वर जात असे. तिघांचीही भावना चांगली होती. अन्न कमी पडणे आपल्याकडे नामुष्कीचे मानले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु तीन माणसांनी एकाच भीतीपोटी तीनदा घातलेली भर हे रोजच्या ६६ ताटांचे कारण होते, आणि तिघांना एकत्र बसवून विचारेपर्यंत ते कोणालाच दिसले नव्हते.

उपाय असा की वाढीव अंदाज एकाच माणसाने, एकदाच आणि उघडपणे धरावा. वहीत "येणारी ताटे" आणि "राखीव ताटे" असे दोन वेगळे रकाने असावेत आणि राखीव आकडा मालकाशिवाय कोणी वाढवू नये. येणाऱ्या ताटांचा आकडा काढताना कालच्या आकड्याकडे न पाहता मागील चार आठवड्यांतील त्याच वाराची सरासरी धरावी, कारण मेसमधील सोमवार दुसऱ्या सोमवारासारखा असतो, आदल्या रविवारासारखा नसतो.

त्यावर पंचांग आणि शहराचे वेळापत्रक यांची दुरुस्ती करावी लागते. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार आणि नवरात्र यांत भात-पोळीची ताटे कमी होतात आणि साबुदाण्याची मागणी वाढते. परीक्षेच्या काळात विद्यार्थी उशिरा येतात, परीक्षा संपली की दोन दिवसांत निम्मे गावी जातात. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे तेथील कॅन्टीनचा "रविवार" गुरुवारी येतो आणि बुधवारच्या रात्रपाळीचा आकडाही बदलतो. पालख्या शहरात मुक्कामी असताना आणि गणपतीच्या विसर्जनाच्या दिवशी मध्यवस्तीतील रस्ते बंद असतात, तेव्हा नेहमीचे जेवणारे पोहोचतच नाहीत. या सर्व तारखा आधीच माहीत असतात, तरीही कोठीच्या दारावर दिनदर्शिका लावून त्यावर खुणा केलेले स्वयंपाकघर मला क्वचितच दिसले आहे.

वसतिगृह किंवा मासिक मेस असेल तर आदल्या रात्री नऊपर्यंत "उद्या दुपारी जेवणार नाही" एवढेच कळवण्याची सोय करावी. व्हॉट्सॲपच्या गटावर ते सहज होते. येणाऱ्यांनी कळवावे असा नियम केल्यास कोणी कळवत नाही, न येणाऱ्यांनी कळवावे असा नियम केल्यास पुष्कळजण कळवतात, विशेषतः त्या जेवणाची थोडी सूट महिन्याच्या हिशेबात मिळत असेल तर.

तिसरी तपासणी: शिजवण्याचे माप, आणि मुख्यतः तांदूळ

आकडा बरोबर असूनही भात उरत असेल तर तांदळाची गोणी पाहावी. जुना तांदूळ पाणी अधिक ओढतो आणि अधिक फुगतो, नवा तांदूळ कमी फुगतो आणि चिकटतो. साधारणपणे एक किलो तांदळाचा अडीच ते तीन किलो भात होतो, आणि हा अर्ध्या किलोचा फरकच सारा घोटाळा करतो. समजा, २०० ताटे आहेत आणि ताटाला २०० ग्रॅम भात लागतो, म्हणजे ४० किलो भात हवा. अडीचपट फुगणाऱ्या तांदळाचे १६ किलो लागतील. पुढच्या महिन्यात दुकानदाराने जुना कोलम पाठवला आणि आचाऱ्याने सवयीने तेच १६ किलो धुतले, तर भात ४८ किलो होतो आणि आठ किलो उरतो. कोणाचीही चूक नसताना रोज ४० ताटांचा भात बादलीत जातो. म्हणून गोणी बदलली की, तांदूळ तोच असला तरी, एक किलो शिजवून भाताचे वजन करावे आणि ते गोणीवर खडूने लिहावे. इंद्रायणीसारखा मऊ, चिकट भात ताटात अधिक घट्ट बसतो आणि त्याच ओगराळ्यात त्याचे वजन जास्त भरते, तेव्हा तांदळाची जात बदलल्यास ओगराळेही पुन्हा मोजावे.

दुसरी गोष्ट टोपाच्या आकाराची. मोठा टोप असला की तो भरून चढवण्याची सवय लागते. मेस बारा ते तीन चालत असेल तर सर्व भात साडेअकरालाच शिजवून ठेवण्याचे काही कारण नाही. निम्मा आधी, तिसरा हिस्सा साडेबाराला आणि उरलेला पावणेदोन वाजता, रांग पाहून शिजवावा. शेवटची खेप चढवायची की नाही हा निर्णय ज्याच्या हाती आहे त्याला काउंटर दिसले पाहिजे. आतल्या बाजूला चुलीपाशी उभ्या असलेल्या आचाऱ्याला रांग संपल्याचे कळत नाही. पोळ्यांची कणीकही दोनदा मळावी. वरण साधे शिजवून ठेवावे आणि फोडणी खेपेखेपेने द्यावी. फोडणी न दिलेले घट्ट वरण गरम राखणे सोपे असते आणि त्यातून गरजेनुसार आमटी, दालफ्राय किंवा साधे वरण करता येते.

येथे आचाऱ्याविषयी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. चांगल्या आचाऱ्याचा हात वर्षानुवर्षांच्या सवयीने बसलेला असतो आणि त्याला तराजू दाखवणे म्हणजे त्याच्या हातावर अविश्वास दाखवणे, असे त्याला वाटू शकते. त्याचा अंदाज चुकीचा नसतो. तो आधीच्या जागेसाठी, तिथल्या भांड्यांसाठी आणि तिथल्या जेवणाऱ्यांसाठी बसलेला असतो. मंगल कार्यालयात लग्नाच्या पंगती सांभाळलेला माणूस रोजच्या मेसमध्ये आला की दोन महिने अन्न उरतेच. त्याच्यासोबत उभे राहून त्याच्याच मापाचे वजन लिहून घ्यावे आणि आठवड्याने ती वही त्याच्यापुढे ठेवावी. बहुतेक आचारी वही पाहिल्यावर स्वतःच माप कमी करतात.

चौथी तपासणी: ताटात काय परत येते

चौथी बादली सर्वांत जड असेल तर प्रथम वाढण्याचे डाव आणि ओगराळी पाहावीत. मोठा डाव असला की वाढप्याला अर्धा डाव वाढणे अवघड जाते. लहान डावाने दोनदा वाढणे हे मोठ्या डावाने एकदा वाढण्यापेक्षा नेहमी चांगले, कारण दुसऱ्यांदा वाढताना तो जेवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. बुफे असेल तर ताट एक आकार लहान करावे आणि अर्धी पोळी मागण्याची सोय असावी. नव्या भाजीचा चमचाभर नमुना काउंटरवर ठेवल्यास न आवडणारी भाजी ताटात घेतलीच जात नाही.

त्यानंतरही एखादी विशिष्ट भाजी परत येत असेल तर तिची चव घ्यावी, आणि ती चुलीवरून उतरताना न घेता जेवणाच्या शेवटच्या अर्ध्या तासात घ्यावी. अकरा वाजता उत्तम असलेली भेंडी दोन वाजेपर्यंत झाकणाच्या वाफेने चिकट झालेली असते. दोष भाजीचा नसून तीन तास झाकून ठेवण्याचा असतो.

ताटात टाकणाऱ्याला दंड करावा का, असे मला हमखास विचारले जाते. मी तो सुचवत नाही. दंड लावलेल्या एका भोजनगृहात खरकटे कमी झाले नाही, ते वाटीखाली आणि कागदी रुमालात लपू लागले आणि आमचे वजन खोटे ठरले. त्याऐवजी "काल ताटामागे इतके ग्रॅम" हा आकडा हात धुण्याच्या जागी रोज लिहावा. त्याने लोक चिडत नाहीत आणि हळूहळू कमी वाढून घेऊ लागतात.

पाचवी तपासणी: कोठी आणि खरेदी

मार्केट यार्डात रविवारी आवक मोठी असते आणि भाव उतरलेला पाहून गोणी किंवा पूर्ण पेटी घेण्याचा मोह होतो. चार रुपये किलोने वाचलेले पैसे तिसऱ्या दिवशी सडलेल्या टोमॅटोत जातात. पालेभाजीची खरेदी दोन दिवसांपुरतीच असावी. कांद्याच्या बाबतीत हंगाम विचारून घ्यावा. उन्हाळी कांदा महिनोन्महिने टिकतो, पावसाळी पिकाचा कांदा टिकत नाही आणि तो साठवणीसाठी घेऊच नये. कांदे आणि बटाटे शेजारी ठेवू नयेत, बटाट्यावर उजेड पडू देऊ नये, आणि पिकलेली केळी पालेभाजीजवळ ठेवू नयेत, कारण त्यांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने पाला लवकर पिवळा पडतो. कोथिंबीर, मेथी धुऊन ओली ठेवली की आतून काळी पडते. ती कोरडी निवडून सुती फडक्यात गुंडाळावी आणि वापरण्याआधीच धुवावी.

मांडणीवर जुना माल पुढे आणि नवा मागे हा नियम सर्वांना पाठ असतो, परंतु माल उतरवणारा माणूस घाईत नव्या गोण्या जुन्यांच्या पुढे रचतो. त्यामुळे प्रत्येक गोणीवर आणि डब्यावर आल्याची तारीख ठसठशीत लिहिणे हाच खरा उपाय आहे. जून ते सप्टेंबर या दमट महिन्यांत बेसन, रवा आणि डाळी अर्ध्याच प्रमाणात भराव्यात.

दुसऱ्या बादलीतील निवडणीविषयी आपल्या घरांतील स्वयंपाक पुष्कळ शिकवतो. दोडक्याच्या शिरांची चटणी, मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी, कोथिंबिरीचे कोवळे देठ वाटणात, फ्लॉवरचे देठ रश्शात. हे सर्व मोठ्या प्रमाणावरही जमते. दोन बाबतींत मात्र काटकसर करू नये: हिरवट पडलेला किंवा कोंब आलेला बटाटा, आणि चाखल्यावर कडू लागलेला दुधी. दोन्हींमध्ये विषारी द्रव्ये असतात आणि शिजवून ती जात नाहीत.

सहावी तपासणी: उरलेल्या अन्नाचे काय होते

फोडणीचा भात, फोडणीची पोळी आणि वरणाच्या थालीपिठावर आपण वाढलो, म्हणून व्यावसायिक स्वयंपाकघरातही उरलेले सर्व वापरावे असे वाटते. येथे मी सर्वांत कठोर आहे. घरातला वाटीभर भात आणि टोपातला आठ किलो भात यांत थंड होण्याचा फरक आहे. मोठ्या टोपाचा मध्य कित्येक तास कोमट राहतो. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. भातात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात, कोमट भातात ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेले उलटी घडवणारे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणजे चांगली कडक फोडणी दिली तरी तो भात सुरक्षित होत नाही.

पुन्हा वापरायचाच असेल तर काउंटरवर न गेलेला, झाकलेला भात लगेच उथळ परातींत दोन इंचांहून कमी थरात पसरावा, दोन तासांत २१ अंशांच्या खाली आणि पुढील चार तासांत ५ अंशांपर्यंत न्यावा, झाकणावर वेळ लिहावी, दुसऱ्या दिवशी मध्यापर्यंत ७५ अंश गरम करून एकदाच वापरावा. हे मोजायला टोकदार थर्मामीटर हवा आणि तो स्वस्त मिळतो. तो नसेल किंवा वेळेची खात्री नसेल तर ते अन्न टाकून द्यावे. नासाडी कमी करण्याच्या इच्छेने जेवणाऱ्याच्या पोटाची जोखीम घेऊ नये.

चांगले, न वाढलेले अन्न गरजूंना देण्याबाबत एफएसएसएआयचे (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे) अतिरिक्त अन्नाचे संकलन व वितरण यांविषयीचे २०१९ चे नियम १ जुलै २०२० पासून लागू आहेत. असे अन्न नोंदणीकृत संस्थेला, पदार्थाचे नाव, शाकाहारी की मांसाहारी आणि कोणत्या वेळेपर्यंत खावे हे लिहून, गरम असल्यास ६० अंशांच्या वर ठेवून द्यावे. ताटातले किंवा पंगतीत फिरलेले अन्न कधीही देऊ नये. आणि रोज दान देण्याएवढे अन्न उरत असेल तर दुसऱ्या तपासणीकडे परत जावे.

सातवी तपासणी: फ्रीज

आधीच्या सहा तपासण्यांनंतरही पहिल्या बादलीत दही, पनीर आणि चिरलेली भाजी येत असेल तर यंत्राकडे वळावे. फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवून पहाटे, दुपारच्या गर्दीत आणि रात्री वाचन घ्यावे. तापमान ५ अंश किंवा त्याखाली आणि फ्रीझरचे उणे १८ असावे. फक्त दुपारीच तापमान चढत असेल तर दार वारंवार उघडले जात आहे किंवा गरम टोप आत ठेवले जात आहेत. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावावे. ती सहज निसटली तर रबर बदलावे. मागील जाळीवरील धूळ आणि तेलकट थर वीज बंद करून ब्रशने काढावा, व्यावसायिक स्वयंपाकघरात तो महिन्याभरात साचतो. आतील पंख्यापुढे क्रेट रचलेले असतील तर हलवावेत.

गुरुवार वेगळा तपासावा. पुण्यात देखभालीसाठी वीज आणि पाणी बंद ठेवण्याचा वार बहुधा तोच असतो. चार तास वीज गेलेल्या आणि मध्येच दार उघडलेल्या फ्रीजमधील दूध शुक्रवारी सकाळी फाटते आणि दोष दूधवाल्याला लागतो. बुधवारी दुग्धजन्य माल कमी मागवणे आणि वीज नसताना दार बंद ठेवणे एवढ्याने हा प्रश्न सुटतो.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

रबर, धूळ आणि मांडणी ठीक करूनही २४ तासांत तापमान ५ अंशांवर येत नसेल तर तेथे थांबावे. गॅस भरणे, कॉम्प्रेसर आणि विजेची जोडणी ही प्रशिक्षित तंत्रज्ञाची कामे आहेत आणि स्वयंपाकघरातील कोणी ती हाताळू नयेत. तंत्रज्ञ नुसता गॅस भरून निघाला तर गळती कुठे होती हे लेखी मागावे, अन्यथा तीन महिन्यांनी तेच घडते. धान्यात कीड किंवा कोठीत उंदीर वारंवार येत असतील तर परवानाधारक कीटकनियंत्रण सेवेला बोलवावे. अन्न असलेल्या खोलीत स्वतः औषध फवारू नये.

रुग्णालय, शाळा किंवा वृद्धाश्रमाचे भोजनगृह असेल तर वाढण्याचे प्रमाण आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय कमी करू नये. तेथे ताटात उरणारे अन्न अनेकदा भूक मंदावल्याचे, दातांच्या दुखण्याचे किंवा औषधाच्या परिणामाचे लक्षण असते आणि ते स्वयंपाकघराने सोडवण्याचे नाही.

एकाच जेवणानंतर दोन किंवा अधिक जणांना उलट्या-जुलाब झाले तर वाढणे तत्काळ थांबवावे, सर्वांना डॉक्टरांकडे पाठवावे, उरलेले अन्न न टाकता झाकून, खूण करून फ्रीजमध्ये ठेवावे आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवावे. त्या क्षणी स्वतः कारण शोधत बसू नये.

सर्व करूनही ओला कचरा मोठा राहत असेल तर त्याच्या विल्हेवाटीचा वेगळा विचार लागतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रोज सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा निर्माते धरून वर्गीकरणाची आणि ओल्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करण्याची जबाबदारी घातली. आपण त्या मर्यादेजवळ आहात का, हे पहिल्या तपासणीची वही सांगते. बायोगॅस किंवा खताचे यंत्र मात्र वजनाच्या नोंदी तीन महिने ठेवून, तज्ज्ञाकडून क्षमता काढून घेऊनच बसवावे. नासाडी कमी करण्याआधी बसवलेले यंत्र नंतर निम्मे रिकामे चालते.

हा बिघाड पुन्हा उद्भवतो आणि त्याच्या वेळा ठरलेल्या आहेत: आचारी बदलल्यावर, तांदळाची गोणी बदलल्यावर, जूनमध्ये नवे विद्यार्थी आल्यावर आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर. या चार वेळी पहिली तपासणी पूर्ण सात दिवस पुन्हा करावी, आणि बादल्यांवरील रिकाम्या वजनाचे आकडे पुसट झाले असतील तर त्याआधी ते नव्याने रंगवून घ्यावेत.